आबांबद्दलच्या त्या मेसेजविषयी खुलासा

आमच्या आबांना श्रद्धांजली म्हणून फिरणाऱ्या मेसेजमध्ये 'शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, आटपाडीचे सुपुत्र' असं लिहिलंय. हे खरं नाही. तो मान कमांडर दिलीप दोंदे यांचा. 'म्हादेई' या बोटीतून, २००९-१० मध्ये, वाटेत चार ठिकाणी थांबून. कुठेही न थांबता ती फेरी अभिलाष टॉमी यांनी २०१३ मध्ये पूर्ण केली. मेसेजमधल्या फोटोतल्या बोटीवरही 'म्हादेई' हेच नाव वाचता येतं.

आबा मालवाहू जहाजांवर खलाशी होते. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, घरात आहे. कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, सगळे शिक्के त्यात आहेत. शिडाची होडी त्यात कुठेच नाही, आणि तसं ते स्वतः कधी म्हणालेही नाहीत. दुष्काळी गावातून दर्यावर गेले, परत येऊन खिल्लार जनावरं पाळली. खरसुंडीच्या बाजारात खोंडाच्या तोंडात हात घालून आदत (अजून दुधाचे दात असलेला) की दुसा (दोन पक्के दात आलेला), हे सांगायचे. मला तर तेच आबा जास्त आठवतात.

मेसेज पुढे पाठवू नका, टाकला असेल तिथून काढा. शोकसभेच्या फ्लेक्सवर हेच वाक्य छापायला दिलं होतं, ते आज बदलून घेतलंय.