मामाचं गोत्र वेगळं, म्हणून रक्तही वेगळं? ‘गोत्रविज्ञान’ मेसेजला उत्तर

गोत्र आणि वाय गुणसूत्र, म्हणजे वडिलांकडून फक्त मुलग्याला मिळणारं गुणसूत्र, यांचं ‘विज्ञान’ सांगणारा एक लांबलचक मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. आतापर्यंत तो वाचून सोडून देता येत होता. पण या महिन्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात नात्यातल्या एका घरी तो सोयरिकीच्या बैठकीत मोठ्याने वाचला गेला. मुलगी सख्ख्या मामाला द्यावी का, असा प्रश्न होता. ‘मामाचं गोत्र वेगळं, म्हणून वाय गुणसूत्र वेगळं, म्हणून संततीत दोष येत नाही’ या एका ओळीवर वडीलधाऱ्यांनी तो मिटवला. या ओळीने उद्या कुणाचं तरी मूल आजारी जन्माला येऊ शकतं, म्हणून हे लिहिलं आहे.

मेसेजमध्ये आणखीही बरंच आहे. मुलात वडिलांचा अंश ९५ टक्के आणि आईचा ५ टक्के. मुलीत दोघांचा निम्मा निम्मा, मग तिच्या मुलीत पाव, असं करत सातव्या पिढीला एक टक्का, आणि म्हणून ‘सात जन्मांची गाठ’. सगोत्र लग्न झालं की मतिमंद मूल होतं. कन्यादानानंतर बाईचं शरीरही नवऱ्याच्या गोत्राचं होतं. वाय गुणसूत्र झिजत चाललंय, ते वाचवायलाच ऋषींनी गोत्रं नेमली. आणि शेवटी, माणसात ४६ गुणसूत्रं आहेत म्हणून तो सर्वश्रेष्ठ.

आधी मोजणी. गुणसूत्र म्हणजे पेशीतला डीएनएचा गुंडाळलेला धागा, त्यावर जनुकं, म्हणजे आनुवंशिक सूचना, असतात. कातडीची किंवा रक्तातली पांढरी, जवळजवळ कुठलीही शरीरपेशी घेतली तरी तिच्यात ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. यातल्या २२ जोड्या बाई आणि पुरुष दोघांत सारख्याच. तेविसावी जोडी बाईत एक्स-एक्स, पुरुषात एक्स-वाय. हा ४६ चा आकडा त्यिओ आणि लेव्हान या दोन शास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या लुंड इथे नक्की केला आणि १९५६ मध्ये छापला. त्याआधी तीसेक वर्षं पुस्तकांत ४८ शिकवलं जात होतं.

स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना हा आकडा निम्मा होतो. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल निघते. मग जोडीतली दोन्ही गुणसूत्रं शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात, दुसऱ्यात नकला वेगळ्या होतात. उरतात २३, प्रत्येक जोडीतलं एकच. हेच अर्धगुणसूत्री विभाजन. स्त्रीबीजात २३, शुक्राणूत २३, गर्भात पुन्हा ४६. स्त्रीबीजात नेहमी एक्स असतं आणि शुक्राणूत एक्स किंवा वाय. त्यामुळे मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं. मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

म्हणजे मुलग्यालाही आईकडून २३ आणि वडिलांकडूनही २३. मग ९५ टक्के आले कुठून? आकडा खरा आहे, पण भलत्याच गोष्टीचा. जून २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात डेव्हिड पेज यांच्या गटाने वाय गुणसूत्राची सविस्तर रचना छापली. या गुणसूत्राच्या लांबीपैकी ९५ टक्के भाग फक्त पुरुषात असतो आणि एक्सशी तुकड्यांची अदलाबदल करत नाही, असं त्यात म्हटलं आहे. अदलाबदल होते ती फक्त टोकांच्या उरलेल्या थोड्या भागात. हे ९५ टक्के एका गुणसूत्राचे आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने ते उचलून अख्ख्या मुलाला चिकटवले. बाकीची ४५ गुणसूत्रं त्याच्या हिशोबात आलीच नाहीत.

खरं तर मुलाचं पारडं आईकडेच किंचित झुकतं. आईकडून आलेल्या एक्सची लांबी डीएनएच्या सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरांची, वडिलांकडून आलेल्या वायची सहा कोटींच्या आसपास. बाकी २२ दोघांकडून सारखीच. सगळी बेरीज केली तर आईचा वाटा ५१ टक्क्यांजवळ जातो, वडिलांचा ४९ जवळ. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचा (मायटोकॉन्ड्रिया) डीएनए आईकडूनच येतो.

सात पिढ्यांच्या हिशोबातलं निम्मं बरोबर आहे, तेवढं मान्य करतो. दर पिढीला एका पूर्वजाचा वाटा सरासरी निम्मा होतो आणि सातव्या पिढीला १२८ मधला एक उरतो, म्हणजे टक्क्याहूनही कमी. पण ही घट मुलीकडून होते तशीच मुलाकडूनही होते. मुलाच्या वंशात टिकतं ते एकटं वाय. वडिलांचं एक्स मात्र मुलाला कधीच मिळत नाही, ते मुलीलाच जातं आणि टोकं सोडली तर जसंच्या तसं जातं, कारण वडिलांकडे अदलाबदलीला दुसरं एक्स नसतं. ते एक्स वडिलांना त्यांच्या आईकडून आलेलं असतं. म्हणजे वडिलांच्या आईचं हे देणं नातीकडे येतं, नातवाकडे येत नाही. वंश फक्त मुलगाच पुढे नेतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता मामाच्या गोत्राची ती ओळ.

नवरीकडे वाय नसतंच. त्यामुळे नवरा-नवरीचं वाय एकच असणं हे गोत्र कुठलंही असलं तरी शक्यच नाही. नात्यातल्या लग्नात दोष येतो तो त्या २२ जोड्यांमधून. बीटा थॅलेसेमिया, म्हणजे सारखं रक्त द्यावं लागणारा आजार, त्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. जन्मजात बहिरेपणाचं आपल्याकडे वारंवार सापडणारं एक कारण, जीजेबी-२ हे जनुक, तेराव्यावर. हे दोष बहुतेक अप्रभावी असतात. जोडीतली एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल, तर तो माणूस ठणठणीत असतो, फक्त वाहक असतो. मुलाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळाली तरच आजार दिसतो. वाहक आई-वडिलांच्या प्रत्येक मुलाला हा धोका चारांत एक.

बैठकीतल्याच नात्याने हिशोब करू. समजा, आजोबा एका दोषाचे वाहक आहेत. मुलीला, म्हणजे नवरीच्या आईला, ती प्रत मिळायची शक्यता १/२, नवरीला १/४. मामा आजोबांचाच मुलगा, त्याला १/२. दोघंही वाहक असण्याची शक्यता १/२ गुणिले १/४, म्हणजे १/८. त्यातून मूल आजारी होण्याची आणखी १/४. एकूण ३२ मधला एक. मामाच्या मुलाला मुलगी दिली तर मामाच्या मुलाला १/४, नवरीला १/४, दोघं मिळून १/१६, आणि मूल आजारी होण्याची शक्यता ६४ मधली एक. आता त्याच नवरीला एकाच गोत्राचा पण नात्याने लांबचा नवरा घ्या. समाजात शंभरात एक माणूस त्या दोषाचा वाहक धरला, तर नवरीला १/४, नवऱ्याला १/१००, आणि मूल आजारी होण्याची शक्यता १,६०० मधली एक. मेसेज ज्याला घातक म्हणतो तो हा १,६०० मधला एक, आणि ज्याला निर्दोष म्हणतो तो ३२ मधला एक.

हा हिशोब एकाच दोषाचा आणि एकाच आजोबांचा. आजीचंही असंच मोजावं लागतं, आणि प्रत्येकाच्या अंगी असे काही अप्रभावी दोष लपलेले असतातच. मामा आणि भाचीचे पाव जनुक एकच असतात, आते-मामे भावंडांचे एक अष्टमांश. त्यात नवरीचे आई-वडीलच नात्यातले असतील, आजी-आजोबाही नात्यातले असतील, तर पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत देवाणघेवाण होऊन हा वाटा वाढत जातो. घराण्यातल्या नात्यांचा नकाशा काढल्याशिवाय कुठलाही डॉक्टर खरा धोका सांगू शकत नाही, ते यामुळेच.

हा प्रश्न आपल्या भागात लहान नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, कर्नाटकात सुमारे २७ टक्के विवाहित स्त्रियांचं लग्न नात्यात झालेलं आढळलं. देशाची सरासरी ११ टक्क्यांजवळ आहे. घर पारखलेलं असतं, मुलगी डोळ्यांसमोर राहते, शेत बाहेर जात नाही. ही कारणं वडीलधाऱ्यांची आहेत आणि त्यांवर घरात बोलता येईल. पण त्यांच्यावर गुणसूत्रांचा शिक्का मारू नये.

उगीच घाबरवायचंही नाही. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नातून झालेली बहुतेक मुलं निरोगीच असतात. एरवी कुठल्याही जोडप्याला गंभीर जन्मदोषाचा धोका असतो २ ते ३ टक्के, तो त्यांच्या बाबतीत आणखी साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. मामा-भाचीत नातं दुप्पट जवळचं, म्हणून त्यांची वाढ त्याहून जास्त धरावी लागते. आणि गोत्र किंवा देवक पाहण्याचा काही उपयोग होतो हेही मान्य. त्यामुळे चुलत भावंडांची लग्नं टळली आणि तेवढा जवळचा धोका गेला. पण ही चाळणी फक्त वडिलांच्या बाजूची आहे. आईच्या बाजूने येणारं सगळं ती तसंच सोडते. देवक एक असूनही लग्न लावायचं की नाही हा रिवाजाचा प्रश्न, आणि सगोत्र लग्नाची कायद्यातली अडचण तर १९४६ मध्येच दूर झाली.

‘सगोत्र लग्नाने मतिमंद मूल’ म्हणताना मेसेजने डाऊन सिंड्रोमचं नाव घेतलं आहे. त्याचं कारण पूर्ण वेगळं. त्या मुलाच्या पेशींत ४७ गुणसूत्रं असतात, एकविसावं जोडीऐवजी तिहेरी. बीज तयार होताना जोडीदार वेगळे व्हायला हवे होते ते झाले नाहीत, २३ ऐवजी २४ गेले. मुलीची बीजं ती आईच्या पोटात असतानाच पहिल्या विभाजनाच्या मध्यावर येऊन थांबतात आणि ते विभाजन पुढे ज्या महिन्यात बीज सुटतं तेव्हाच पुरं होतं. वीस-चाळीस वर्षांच्या या थांब्यामुळे वयाबरोबर चूक वाढते. विशीत सुमारे १,५०० बाळंतपणांत एक, पस्तिशीत ३५० मध्ये एक, चाळिशीत १०० मध्ये एक. नवऱ्याचं गोत्र यात कुठेच येत नाही. थोड्या मुलांत, शंभरात तीन-चार, एकविसाव्याचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तेवढ्यांत आई-वडिलांची तपासणी करावीच लागते, कारण दोघांपैकी एकाकडून तो आलेला असू शकतो आणि पुढच्या गर्भातही येऊ शकतो.

तपासणीबद्दल एक चूक सारखी होते. नात्यात लग्न ठरलं की कुणीतरी कॅरिओटाइप करून आणतं, रिपोर्टवर ‘४६, एक्सएक्स’ आणि ‘४६, एक्सवाय’ बघतं आणि निर्धास्त होतं. ही चाचणी गुणसूत्रं मोजते आणि मोठे तुकडे इकडचे तिकडे झालेत का ते बघते. काही दशलक्ष अक्षरांहून लहान बिघाड सूक्ष्मदर्शकाखाली दिसतच नाही. थॅलेसेमिया एका अक्षराच्या चुकीनेही होतो. त्याच्या वाहकाचा कॅरिओटाइप अगदी सरळ येतो.

कॅरिओटाइप लागतो तो वारंवार गर्भपात होत असतील, डाऊनसारखी लक्षणं असतील किंवा पाळीच आली नसेल तेव्हा. त्यासाठी रक्त हिरव्या झाकणाच्या, हेपॅरिनच्या नळीत घ्यावं लागतं. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतलं तर पेशी नीट वाढत नाहीत. नमुना गोठवायचा नाही, आणि तो गावातून निघून दोन दिवस कुठे पडून राहिला तर वाढ फसू शकते. पेशी साधारण ७२ तास वाढवून, विभाजन मधेच थांबवून, रंगवून किमान २० पेशी मोजतात. दोन-तीन दिवसांत रिपोर्ट मागून उपयोग नाही.

बाकीचे मुद्दे लवकर आटपू. लग्नानंतर बाईच्या पेशींतली गुणसूत्रं बदलत नाहीत. तिची सगळी बीजं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात, त्यांत तिच्या आई-वडिलांचंच असतं. मुलगा पोटात वाढवल्यावर त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात वर्षानुवर्षं सापडतात, हे खरं आहे. पण त्या मूठभर, आणि तिच्या बीजात त्या शिरत नाहीत.

वाय झिजलं हेही खरं, पण ते कोट्यवधी वर्षांत. त्याच २००३ च्या लेखात वायमधल्या उलटसुलट सारख्या वाचता येणाऱ्या आठ मोठ्या पट्ट्यांचं वर्णन आहे. त्यांच्या आधारे वाय स्वतःचीच एक प्रत बघून दुसरी दुरुस्त करतं. लग्न कुणाशी केलं यावर ही दुरुस्ती अवलंबून नाही.

आणि संख्येवरून श्रेष्ठत्व ठरत असेल तर निपाणीच्या तंबाखूत ४८ गुणसूत्रं असतात, बटाट्यात ४८, गाईत ६०, कुत्र्यात ७८. ज्वारीत २०.

त्या बैठकीत अजून सुपारी फुटलेली नाही, म्हणून आता काय करायचं ते लिहितो. दोन्हीकडच्या तीन पिढ्या कागदावर मांडा. लहानपणी गेलेली मुलं, जन्मापासून बहिरी, सारखं रक्त द्यावं लागणारी, उशिरा चालणारी किंवा चालणं बंद झालेली, अशी प्रत्येक नोंद त्यात घाला. ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून विसरलेलीही. मुलगा आणि मुलगी दोघांची रक्ताची साधी तपासणी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी, करून घ्या. त्यात एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला तर थॅलेसेमियाचे वाहक असण्याची दाट शक्यता. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा कमी दिसू शकतो, म्हणून लोहाचीही तपासणी सोबत करा. घरात आजारी मूल असेल तर जनुकांची तपासणी आधी त्या मुलाची करायची, मग त्याच जनुकाची या दोघांची. हा कागद आणि रिपोर्ट घेऊन जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे जा, सुपारीच्या तारखेआधी.