'निबंध लिहून सुटतात' म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या थोरल्या वहिनींनी मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली एवढेच लिहिले, 'भाऊजी, हे खरे असेल तर मी जायचे की नाही?' वहिनी माध्यमिक शाळेत ३४ वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. आमच्या जिल्ह्यातील निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे, आठवड्यातून दोन दुपारी जाऊन मुलांना दहावीचे गणित शिकवण्याचे त्यांनी कबूल केले होते. तेवढ्यात हा संदेश सोसायटीच्या ग्रुपवरून त्यांच्या मुलाकडे आणि मुलाकडून त्यांच्याकडे आला, आणि 'आई, तू तिथे जायचे नाहीस' असा हट्ट त्याने धरला. अशा मुलांची प्रकरणे ज्याच्यासमोर चालतात त्या बाल न्याय मंडळाला परिविक्षा अधिकारी म्हणून, मुलाच्या घरची परिस्थिती तपासून, मी बरीच वर्षे अहवाल सादर केले आहेत, त्यामुळे वहिनींना दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

संदेश थोडक्यात असा आहे. देशातील निम्मे गुन्हे अठरा वर्षांखालील मुले करतात. त्यांनी काहीही केले तरी निबंध लिहून ती सुटतात. पोलिसांना आणि मंडळाच्या सदस्यांना दिले जाणारे 'बालस्नेही' प्रशिक्षण म्हणजे गुन्हेगारांचे लाड कसे करावेत याची शिकवणी आहे, आणि संस्था व स्वयंसेवक यांचा सहभाग म्हणजे सरकारी पैशांची लूट आहे. शेवटी आवाहन आहे की अशा मुलांची नावे आणि फोटो सर्वांपर्यंत पोहोचवा.

पहिले विधान एका आकड्याने निकालात निघते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात ५८,२४,९४६ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी अल्पवयीन आरोपींविरुद्धची प्रकरणे ३०,५५५ होती. म्हणजे दोनशे गुन्ह्यांमागे साधारण एक. या प्रकरणांत महाराष्ट्राचा क्रमांक राज्यांमध्ये बराच वरचा आहे हे मी नाकारत नाही, पण त्यावरून 'निम्मे गुन्हे' कोणत्याही हिशेबाने निघत नाहीत.

निबंधाच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे मला जड जाते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता, आणि त्याच दिवशी मंडळाच्या एका सदस्याने त्याला जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. मृतांच्या आईवडिलांना ते वाचून काय वाटले असेल, याचा विचार आजही मला करवत नाही. तो आदेश वाईटच होता. पण ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. मंडळाची बैठक नसताना एकट्या सदस्यासमोर मुलाला हजर करता येते, मात्र अंतिम निकालाला मंडळाचे प्रमुख असलेल्या प्रधान दंडाधिकाऱ्यांसह किमान दोन सदस्य लागतात. तीन दिवसांत मंडळाने आदेशाचा फेरविचार केला, आणि पुढे चौकशीअंती ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन्ही अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रद्द केल्या. 'काहीही केले तरी सुटतात' हेही खोटे आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार दोषी ठरलेल्या मुलाला विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत ठेवता येते, आणि सोळा ते अठरा वयातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याची समज आणि क्षमता तपासणाऱ्या प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवता येतो.

आता ज्या मुद्द्याने मला खरा संताप आला त्याकडे येतो. प्रशिक्षण म्हणजे लाडांची शिकवणी, असे लिहिणाऱ्याने मंडळाची खोली एकदाही पाहिलेली नाही. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री असावी लागते, आणि नेमणुकीपासून साठ दिवसांच्या आत प्रधान दंडाधिकाऱ्यांसह सर्वांना प्रशिक्षण मिळाले पाहिजे असे कायद्याचे चौथे कलम सांगते. प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे असे कलम १०७ सांगते, आणि त्या पथकातही दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. ही तरतूद मुलाच्या सोयीसाठी केलेली आहे असे समजणे चूक आहे. निर्णय बरोबर व्हावा म्हणून ती आहे.

एक उदाहरण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हाती एक सामाजिक तपासणी अहवाल आला होता, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेला. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात 'अभ्यासात रस नाही' आणि कौटुंबिक पार्श्वभूमीच्या रकान्यात 'घरचे वातावरण वाईट' एवढेच लिहिलेले होते. अहवाल लिहिणारा त्या घरी गेलेलाच नव्हता. मी गेलो तेव्हा पत्र्याच्या खोलीत मुलाचे वडील खाटेवर होते. पायाला सळई घातलेली, कामावरून पडल्याला वर्ष झालेले. मुलाने आठवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये काम धरले होते, आणि मोटारसायकली चोरणाऱ्या मोठ्या मुलांशी त्याची गाठ तिथेच पडली होती. त्याच्या नववीच्या कोऱ्या वह्या आईने पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या. चोरी झाली होती आणि ती मी अहवालात लपवली नाही, पण त्याला कोणापासून दूर ठेवायचे आणि कशात गुंतवायचे हे मंडळाला त्या भेटीमुळे ठरवता आले. कोणाला काय विचारायचे आणि घरात काय पाहायचे हे मला जन्मतः येत नव्हते. ते मला शिकवले गेले होते.

ज्यांना माझ्या अनुभवाची किंमत वाटत नाही त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १३ जुलै २०२२ चा निकाल वाचावा. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी प्रथम शाळेच्या बसच्या वाहकाला पकडले, आणि नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा असे मंडळाने ठरवले होते, पण ते मूल्यमापन नीट झाले नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मुलाला आपल्या कृत्याचे परिणाम समजत होते का, हे ठरवणे अतिशय नाजूक काम आहे. मंडळात बालमानसशास्त्र किंवा मानसोपचार यांतील पदवीधर व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक समजावे, असे न्यायालयाने सांगितले. यानंतर नव्याने मूल्यमापन झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुन्हा तोच निर्णय दिला की खटला प्रौढाप्रमाणे चालावा. तज्ज्ञ आले म्हणून मुलाला सवलत मिळाली नाही. प्रशिक्षण आणि तज्ज्ञता म्हणजे लाड, हे म्हणणे या एका प्रकरणापुढे टिकत नाही.

त्याआधी, ९ फेब्रुवारी २०१८ रोजी, संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर निकाल देतानाही सर्वोच्च न्यायालयाने मंडळांवरील रिकाम्या जागा भरण्यास सांगितले होते, आणि पोलीस अकादमींनी बालहक्क हा विषय एखाद्या दिवसाच्या कार्यक्रमापुरता न ठेवता अभ्यासक्रमात नियमितपणे घेण्याचा विचार करावा असेही सांगितले होते. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी जेवण आणि चारला प्रमाणपत्र अशी प्रशिक्षणे मीही पाहिली आहेत, आणि त्यांवरचा खर्च वाया जातो ही तक्रार मला मान्य आहे. मग मागणी चांगल्या प्रशिक्षणाची करावी. प्रशिक्षणच नको असे म्हणून त्या खुर्चीवर न शिकलेला माणूस बसवण्याने कोणाचे भले होणार आहे?

संस्थांच्या लुटीबद्दल संदेशात बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाचा उल्लेख आहे. तिथे मुलींवर भयंकर अत्याचार झाले आणि ते गृह एक स्वयंसेवी संस्थाच चालवत होती, हे खरे आहे. पण ते २०१८ मध्ये बाहेर आले कसे, हे लिहिणाऱ्याने गाळले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'कोशिश' या गटाने बिहारमधील गृहांचे सामाजिक लेखापरीक्षण, म्हणजे बाहेरून येऊन तिथल्या कारभाराची तपासणी, केले, मुलींशी बोलून त्यांचे म्हणणे नोंदवले, आणि त्या अहवालामुळे गुन्हा उघडकीस आला. २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. बंद दारांमागे मुले असतात तिथे बाहेरची प्रशिक्षित माणसे वारंवार आत गेली पाहिजेत. वहिनींसारखी बाई आठवड्यातून दोनदा आत जाते तेव्हा ती गणित शिकवतेच, शिवाय एखाद्या मुलाच्या गालावरचा वळही तिला दिसतो.

नावे आणि फोटो पसरवण्याच्या आवाहनाबद्दल थोडक्यात सांगतो. कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि मोबाइलवरचा संदेशही त्यातून सुटत नाही. आरोप सिद्ध होण्याआधी एका मुलाचा चेहरा तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरला आणि तो निर्दोष ठरला, तर त्याला पुन्हा शाळेत घेणारा मुख्याध्यापक कुठून आणणार? हा संदेश ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो कृपया पुढे पाठवू नये.

हे सर्व मी वहिनींना आणि त्यांच्या मुलाला समोर बसून सांगितले. त्याने बराच वेळ वाद घातला, आणि पहिल्या दिवशी आपण स्वतः सोबत येऊ, या अटीवर तो राजी झाला. रात्री वहिनींचा फोन आला, मुलांकडे कंपासपेट्या असतात का, असे विचारायला. टोकदार वस्तू आत नेता येत नाहीत, कर्कटक तर नाहीच, असे मी सांगितले. तेव्हा भूमिती मागे ठेवून बीजगणितापासून सुरुवात करायचे त्यांनी ठरवले.