कॅल्शियमची गोळी दुप्पट घेतल्याने बाळाच्या नसा ‘सरळ’ वाढत नाहीत

माझी मावसबहीण सहा महिन्यांची गरोदर आहे आणि तिने लोहाची गोळी बंद केली होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, सासूबाईंनी पाठवलेला एक मेसेज वाचून. तो सध्या सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गर्भातल्या बाळाच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, जिकडे कॅल्शियम जास्त तिकडे वाढतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून आईने कॅल्शियमची गोळी दुप्पट घ्यावी. लोहाची गोळी कॅल्शियम ‘मारते’, ती सोडावी. मूल उशिरा बोललं किंवा चंचल निघालं तर आईचं कॅल्शियम कमी पडलं असं समजावं. आणि वाट चुकलेल्या नसा नंतर सिरप देऊन सरळ होतात. सोबत हिरव्या रंगात चमकणाऱ्या मज्जातंतूच्या टोकाचा फोटो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, बघा, विज्ञान!

आधी लोहाचं बोलू, कारण नुकसान तिथे होतंय. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेतली तर लोह कमी शोषलं जातं, हे खरं. म्हणजे मार खातं ते लोह, कॅल्शियम नव्हे. मेसेजने गोष्टच उलटी केली आहे. उपायही साधा आहे: दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं. लोह सोडायचं नाही. गरोदरपणात रक्तक्षय झाला तर बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीलाही लोह लागतंच. जागतिक आरोग्य संघटना गरोदर स्त्रियांना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह घ्यायला सांगते. बाळाच्या मेंदूचं नाव पुढे करून मेंदूला लागणारी गोळीच बंद करायला लावायची, याचा मला मनापासून संताप येतो.

आता ते ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’. वाढत्या मज्जातंतूला वाट दाखवण्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो, एवढं मान्य करावंच लागेल. पण कुठलं कॅल्शियम?

वाढणाऱ्या तंतूच्या टोकाला पंजासारखा एक सपाट भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात पाहून वर्णन केला. त्यातून बारीक बोटं बाहेर येतात, आजूबाजूला चाचपतात, काही मागे खेचली जातात, काही टिकतात, आणि टिकलेल्या बोटांच्या बाजूला तंतू सरकतो. वाटेवर नेट्रिनसारखे वाट दाखवणारे रेणू असतात. ते टोकाच्या एका बाजूच्या ग्राहींना, म्हणजे खूण पकडणाऱ्या रेणूंना, चिकटले की त्या बाजूला पेशीच्या आत कॅल्शियम क्षणभर वाढतं. खूण आहे ती या दोन बाजूंमधल्या फरकात. डावीकडून हाक आली तर माणूस डावीकडे वळेल. चहूबाजूंनी सारखाच आरडाओरडा झाला तर कुठे वळणार? मेसेज नेमका तो आरडाओरडा वाढवायला सांगतोय. तोही व्यर्थ, कारण पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट जास्त आधीच असतं. तुटवडा नसतो. पेशी दार कधी, कुठे आणि किती वेळ उघडते, त्यावर सगळं ठरतं. फोटोतला हिरवा रंगही पेशीच्या आत भरलेल्या चमकणाऱ्या रसायनाचा असतो. आतलं कॅल्शियम कुठे वाढलं ते त्यातून दिसतं. आईच्या गोळीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि ‘जास्त कॅल्शियम म्हणजे जास्त वाढ’ हे तर साफ उलटं आहे. संशोधक टिमथी गोमेझ आणि निकोलस स्पिट्झर यांचं १९९९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेलं काम बघा. बेडकाच्या जिवंत भ्रूणाच्या मज्जारज्जूत वाढणाऱ्या तंतूंच्या टोकांवर त्यांनी नजर ठेवली. आत कॅल्शियमच्या लहरी जितक्या वारंवार उठत, तितकी तंतूची वाढ मंद होई. जिथे तंतू थबकत किंवा मागे हटत, तिथे लहरी सर्वांत जास्त. मग प्रकाशाच्या साहाय्याने टोकात कॅल्शियम सोडून त्यांनी मुद्दाम लहरी उठवल्या, तर वेगाने वाढणारे तंतू मंदावले. कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन मोकळं करून लहरी दाबल्या, तर वाढ वेगावली. थांबणं आणि मागे फिरणं हाही वाट शोधण्याचाच भाग आहे, म्हणून लहरी वाईट असं नाही. पण ज्या शोधाच्या जिवावर हा मेसेज गोळी दुप्पट करायला सांगतो, तो शोध ‘भरपूर म्हणजे उत्तम’ असं कुठेच म्हणत नाही. पुढच्याच वर्षी जेम्स झेंग या संशोधकाने टोकाच्या एकाच बाजूला कॅल्शियम वाढवलं. तंतू त्या बाजूला वळला. मात्र बाहेरचं कॅल्शियम काढून घेतल्यावर तीच खूण मिळताच तो उलट दिशेला गेला. ‘कॅल्शियमकडे नस वाढते’ हे वाक्य इथेच संपतं.

गोळी पोटात गेल्यावरही ती थेट बाळाच्या पेशीत पोचत नाही. आईच्या रक्तातलं कॅल्शियम गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी अरुंद मर्यादेत धरून ठेवतात. नाळेजवळची वार बाळाकडे कॅल्शियम स्वतः ओढून देते, इतकं की बाळाच्या रक्तात ते आईपेक्षाही जास्त असतं. मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या तंतूंचा मोठा पट्टा तर विसाव्या आठवड्याच्या सुमारास आकाराला आलेला असतो. सहाव्या महिन्यात गोळी दुप्पट करून त्याला कोणती वाट दाखवणार?

कॅल्शियमची गोळी घेऊच नये, असं कृपया कोणी यातून काढू नका. बाळाची हाडं घडायला कॅल्शियम लागतं आणि ते प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत. आहारातून कॅल्शियम कमी मिळतं तिथल्या गरोदर स्त्रियांना जागतिक आरोग्य संघटना रोज दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम सुचवते, ते गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या गंभीर त्रासाचा धोका कमी व्हावा म्हणून. नसांच्या दिशेसाठी नव्हे. डॉक्टरांनी हा हिशेब करून दिलेली गोळी स्वतःच दुप्पट केली तर बद्धकोष्ठ, मूतखडा, रक्तात कॅल्शियम वाढणं हे त्रास होऊ शकतात.

आईच्या दोषाचा मुद्दा मला सर्वांत क्रूर वाटतो. मूल उशिरा बोलण्यामागे किंवा चंचल असण्यामागे आनुवंशिकतेपासून ऐकू कमी येण्यापर्यंत अनेक कारणं असतात. ‘तू गोळ्या कमी घेतल्यास’ हे कुठल्या तपासणीत दिसतं? कुठल्याच नाही. तरी ते घरोघरी एखाद्या बाईला ऐकवलं जाणार.

सिरपने नसा सरळ होतात, हे निव्वळ थोतांड आहे. मूल वयानुसार बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासून घ्या, आणि बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. बाटलीच्या भरवशावर महिने घालवू नका.