टाचणी टोचल्याचे कळते, म्हणून मज्जारज्जू शाबूत?

गेल्या महिन्यात माझ्या मावशीने बी-१२ची इंजेक्शने स्वतःहून बंद केली. तिचे वय ७१, आहार जन्मापासून शाकाहारी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन गेली कित्येक वर्षे चालू. कारण विचारले तेव्हा तिने व्हॉट्सॲपवर आलेला संदेश दाखवला. डोळे मिटून तळव्याला टाचणी टोचून घ्यावी, टोचल्याचे कळले तर मज्जारज्जू आणि सगळ्या नसा ठणठणीत आहेत, मग बी-१२वर पैसे घालवू नयेत, असे त्यात म्हटले होते. शिवाय हिमोग्लोबिन चांगले असेल तर बी-१२ कमी असूच शकत नाही, रोज दही आणि आंबवलेले पदार्थ खाणाऱ्याला ही कमतरता होत नाही, आणि डाव्या पायाला मुंग्या येत असतील तर कण्याच्या उजव्या बाजूला शेक द्यावा, अशी आणखी तीन विधाने होती. आमच्या नात्यातल्या तीन गटांवर हा संदेश फिरला आहे, आणि मावशीसारखी माणसे त्यावर विसंबून औषध सोडत आहेत.

यातली टाचणीची कसोटी सर्वांत घातक आहे, कारण ज्या रुग्णाने तातडीने डॉक्टरांकडे जायला हवे त्यालाच ती निर्धास्त करते. मज्जारज्जूतून सगळ्या संवेदना एकाच वाटेने वर जात नाहीत. टोचणे, दुखणे आणि गरम-गार कळणे यांचे बारीक तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच दुसऱ्या चेतापेशीला निरोप देतात. त्या पेशीचा तंतू मज्जारज्जूच्या एकदोन खंडांच्या (टप्प्यांच्या) आत विरुद्ध बाजूला जातो आणि मज्जारज्जूच्या पुढच्या व कडेच्या भागातून मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रापर्यंत चढतो. कंपन, सूक्ष्म स्पर्श आणि न पाहता आपला पाय कुठे आहे हे कळणे, यांची वाट निराळी आहे. हे जाड तंतू बाजू न बदलता मज्जारज्जूच्या मागच्या स्तंभांतून वर जातात, पायांचे मधल्या रेषेलगत आणि हातांचे त्यांच्या बाहेरून, आणि थेट लंबमज्जेत, म्हणजे मज्जारज्जूला जोडलेल्या मेंदूच्या तळाच्या भागात, पोहोचल्यावरच पुढच्या पेशीला निरोप देतात. म्हणजे पायाच्या अंगठ्यापासून लंबमज्जेपर्यंत एकच चेतापेशी पसरलेली असते आणि प्रौढ माणसात तिची लांबी मीटरभराहून जास्त भरते.

या तंतूंवरचे मायलिनचे आवरण टिकवायला बी-१२ लागते. ते दीर्घकाळ कमी पडले की मज्जारज्जूतले मागचे स्तंभ सहसा आधी बिघडतात, त्यापाठोपाठ हालचालीच्या आज्ञा खाली नेणारे कडेचे तंतू बिघडतात, आणि दुखण्याची वाट मात्र पुष्कळदा वाचलेली असते. लंडनच्या रसेल, बॅटन आणि कॉलिअर या डॉक्टरांनी या विकाराचे सविस्तर वर्णन १९०० सालीच केले होते, म्हणजे बी-१२ वेगळे काढले जाण्याच्या ४८ वर्षे आधी. टाचणी कळली नाही तर बिघाड आहे हे खरे. पण ती कळली एवढ्यावरून मागच्या स्तंभांविषयी काहीच सांगता येत नाही, कारण ती चाचणी त्या वाटेची नाहीच.

मावशीला टाचणी व्यवस्थित कळते. मात्र बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तिचा तोल जातो, आणि रात्री दिवा न लावता उठली तर भिंत धरावी लागते. पायांकडून येणारी खबर तुटली की माणूस डोळ्यांच्या आधाराने उभा राहतो. रोम्बर्ग या जर्मन वैद्याने १९व्या शतकात हेच लक्षण नोंदवले आणि आजही ते त्याच्या नावाने तपासले जाते. म्हणून डॉक्टर टाचणीवर थांबत नाहीत. ते १२८ हर्ट्‌झचा नादकाटा (ठोकला की कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात, अंगठा वर केला की खाली हे डोळे मिटून ओळखायला सांगतात. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. उपचाराला जितका उशीर, तितके भरून न येणारे नुकसान अधिक.

हिमोग्लोबिनचा मुद्दाही चूक आहे. बी-१२च्या कमतरतेमुळे मज्जारज्जू बिघडलेला असतानाही रक्त ठीक दिसू शकते. विशेषतः फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू असतील तर रक्त सुधारते आणि मज्जारज्जूतला बिघाड पुढे सरकत राहतो.

दह्याबाबत अर्धे सत्य मान्य करावे लागेल, कारण दुधात आणि दह्यात बी-१२ असते. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यावर मात्र विसंबता येत नाही, आणि उतारवयात जठराची शक्ती घटल्यावर किंवा मेटफॉर्मिन चालू असताना खाल्लेले बी-१२देखील नीट शोषले जात नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेड्यांतले, झोपडवस्तीतले आणि शहरी मध्यमवर्गातले ४४१ पुरुष तपासले होते. त्यांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघाले आणि मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. आपल्या घरांत ही कमतरता दुर्मीळ आहे असे मानायला जागाच उरत नाही.

उरला शेक. डाव्या अंगाची संवेदना उजव्या मेंदूत पोहोचते एवढे खरे आहे, परंतु बाजू कुठे बदलते हे वाटेवर अवलंबून असते. ब्राऊन-सेकार या वैद्याने १९व्या शतकाच्या मध्याला दाखवून दिले की मज्जारज्जूची एक बाजू कापली गेली तर कंपन व स्थितीचे ज्ञान त्याच बाजूचे जाते आणि दुखण्याचे विरुद्ध बाजूचे. तेव्हा मुंग्यांवरून बिघाडाची बाजू अशी सरसकट ठरवता येत नाही, आणि पाठीला दिलेला शेक झिजलेले मायलिन भरूनही काढत नाही.

मावशीची इंजेक्शने गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली. नादकाट्याचे कंपन तिला गुडघ्यावर जाणवते, घोट्यावर अजून जाणवत नाही.