‘पलंगाला नीट चिकटतच नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. दोन तारे देताना तुम्ही चार गोष्टी लिहिल्या आहेत. बाळाची ही कॉट (एक बाजू उतरवून मोठ्यांच्या पलंगाला जोडायची) पलंगाला लावल्यावर दोन बोटांची फट राहते आणि ती बुजवायला आम्ही उशी देत नाही. गादी फळीसारखी टणक आहे, म्हणून खाली गोधडीची घडी घातली. कॉटचे पाय वर-खाली होतात, तरी डोक्याकडची बाजू उंच करायला आम्ही नको म्हटलं. आणि पाच-सहा महिन्यांत वापर संपतो, म्हणजे पैसे वाया.

फटीचं आधी, कारण ते आज रात्रीच्या आत सुटायला हवं. दोन बोटं म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. अमेरिकेच्या मानकात अशा कॉट आणि पलंगात जास्तीत जास्त १३ मिमी चालतात. आम्ही म्हणतो, फट नकोच. तीन महिन्यांच्या बाळाचं अंग फटीत घसरतं, डोकं मात्र मोठं म्हणून अडकतं. नाक-तोंड गादीवर दाबलं जातं आणि स्वतःला सोडवण्याएवढं बळ त्याच्यात नसतं. उशी, टॉवेलची गुंडाळी, फोमची पट्टी यांतलं काहीही तिथे कोंबू नका. फोम दबला की फट पुन्हा उघडते, शिवाय बाळाच्या चेहऱ्याला लागून मऊ वस्तू येते. बाजारात अशा उशा मिळतात हे माहीत आहे. आम्ही त्या ठेवत नाही आणि ठेवणारही नाही.

तुमच्या फोटोत कॉट गादीला टेकलेलीच नाही, पलंगाच्या लाकडी कडेला टेकली आहे. गादी त्या कडेच्या आत बसते. अशा वेळी कॉट पलंगाला बांधायचे पट्टे कितीही ओढले तरी उपयोग नाही. कड गादीच्या तळाच्या पातळीत असेल, तर आधी मोठ्यांची गादी कॉटच्या दिशेने सरकवा, इतकी की ती कडेच्या किंचित बाहेर येऊन कॉटला भिडेल. पलीकडे मोकळी जागा राहील, त्या बाजूला बाळाला कधीच ठेवू नका. कड वर आलेली असेल, तर मात्र तो पलंग या जोडणीला चालत नाही. मग कॉटची बाजू पूर्ण वर करून ती वेगळी, हात पोहोचेल अशी ठेवा. अर्धवट उतरवलेली बाजू कुठल्याच परिस्थितीत नको.

गादी सरकवून झाली की दोन्ही पट्टे तिच्याखालून पलीकडे न्या, टोकाच्या प्लेट गादीच्या पलीकडच्या कडेला उभ्या अडकवा आणि बकल ओढा. एक पट्टा पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की कॉट तिरकी होते आणि पायाकडे पाचरीसारखी फट पडते. दोन्ही थोडेथोडे, आलटून पालटून आवळा. चाकांचे ब्रेक लावा. उतरवलेल्या बाजूची वरची दांडी मोठ्यांच्या गादीपेक्षा उंच नको, नाहीतर बाळाची मान तिच्यावर अडकू शकते. आता दूध पाजताना बसता तसं कुणाला तरी पलंगाच्या काठावर बसवा आणि कॉट दोन्ही हातांनी बाहेर रेटून बघा. मऊ गादी बसल्यावर खचते आणि फट नेमकी तेव्हाच दिसते. रिकाम्या पलंगावर सगळं छान दिसतं. ही तपासणी रोज रात्री करा, कारण चादर बदलतानासुद्धा गादी हलते.

गादी मुद्दाम टणक ठेवली आहे. मऊ गादीत चेहरा रुतला तर बाळ स्वतःच सोडलेली हवा पुन्हा आत घेत राहतं. हाताने दाबून आपल्याला टणक वाटते, बाळाला त्याचा त्रास नसतो. गोधडी आजच काढा. तिच्यामुळे कॉटच्या कडेची उंचीही कमी होते. वर फक्त घट्ट बसणारी चादर.

कॉटच्या पायांच्या खाचा पलंगाची उंची जुळवायला आहेत, उतार द्यायला नाहीत. चारही पाय एकाच उंचीच्या खाचेत हवेत. उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्याने दूध वर येणं कमीही होत नाही. दूध ओकणारं बाळही उताणंच झोपवायचं: त्या स्थितीत श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासात जायची शक्यता कमी. वजन वाढत नसेल किंवा बाळ पिताना कळवळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

वापर थोडे महिनेच होतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. बाळ आपणहून पालथं पडू लागलं, हातांवर रेटून उठू लागलं किंवा ९ किलोचं झालं, यातलं जे आधी घडेल तेव्हा ही कॉट बंद. कडा बुटक्या असल्याने बाजू वर करूनही पुढे चालत नाही. एकच वस्तू दीर्घकाळ वापरायची असेल, तर पूर्ण उंचीची साधी कॉट पलंगाशेजारी ठेवणं जास्त परवडतं, असं आम्ही दुकानातही सांगतो.

आम्हाला तीन फोटो पाठवा: पलंगाची कड बाजूने, कॉट लागते तिथली पातळी आणि पलीकडच्या प्लेट. कड वर आलेली निघाली, तर कॉट परत घेऊन पूर्ण पैसे देऊ.