किती एकर घेतले हे विचारू नका, कुठले घेतले ते विचारा

"चीनने अमेरिकेची शेतजमीन गिळली" हा फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरतो. आधी आकडे बघून घेऊ. अमेरिकी कृषी खात्याच्या नोंदींप्रमाणे २०२३ अखेर परदेशी मालकांकडे साधारण साडेचार कोटी एकर जमीन होती, म्हणजे तिथल्या खासगी शेतजमिनीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यातली जवळपास निम्मी जमीन जंगल आहे. सगळ्यात मोठा वाटा कॅनडाचा, एक तृतीयांशाच्या घरात. चीनशी संबंधित जमीन सुमारे २ लाख ७७ हजार एकर, म्हणजे परदेशी मालकीच्या जमिनीतली एक टक्काही नाही.

मग घाबरायचं कारण नाही? तसंही नाही. एकरांचा हा हिशोबच चुकीच्या जागी चाललाय. मेन राज्यातलं लाखभर एकर जंगल कुणी घेतलं तर सुरक्षेचं फारसं काही बिघडत नाही. क्षेपणास्त्र तळाच्या कुंपणाला लागून दहा एकर घेतले, तर बिघडू शकतं.

२०२२ सालचं ग्रँड फोर्क्स बघा. नॉर्थ डकोटातल्या या शहरात फुफेंग या चिनी कंपनीने मक्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यासाठी ३७० एकर घेतले. तिथून हवाई दलाचा तळ साधारण १२ मैलांवर. परकीय गुंतवणूक तपासणारी आंतरखाते समिती म्हणजे सिफियस. तिचं अध्यक्षपद अर्थखात्याकडे असतं. या समितीने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं, की हा व्यवहार आमच्या अधिकारात बसत नाही. बसत नाही, कारण तिचे जमिनीबद्दलचे अधिकार २०१८ च्या कायद्याने आले आणि २०२० च्या नियमांनी ठरले; त्या नियमांना जोडलेल्या तळांच्या यादीत ग्रँड फोर्क्सचं नावच नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये हवाई दलाने पत्र पाठवून प्रकल्पाला मोठा धोका म्हटलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शेवटी नगर परिषदेनेच तो मोडीत काढला. राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय पाणी-गटारं बघणाऱ्या नगरसेवकांच्या गळ्यात पडला!

यादीचं गणित असं: काही तळांसाठी हद्दीपासून एक मैल, काहींसाठी शंभर मैलांपर्यंत, आणि क्षेपणास्त्रांच्या पट्ट्यात ठरावीक काउंटीच्या काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). त्यातही जमिनीवर जायचा हक्क, दुसऱ्याला अडवायचा हक्क, विकास करायचा हक्क आणि पक्कं बांधकाम करायचा हक्क, या चारांपैकी किमान तीन मिळत असतील तरच व्यवहार कक्षेत येतो. ग्रँड फोर्क्सनंतर २०२३ मध्ये आठ तळ वाढवले, डिसेंबर २०२४ पासून आणखी पन्नासहून जास्त. घोडं पळाल्यावर तबेल्याला कुलूप म्हणतात ते हेच, पण निदान कुलूप तरी लागलं.

यादी कितीही वाढवली तरी मुख्य भोक तसंच राहतं. जमिनीच्या व्यवहारात सिफियसकडे जाणं ऐच्छिक आहे. गेलात तर छोट्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मिळतं. पूर्ण नोटीस दिली तर ४५ दिवस आढावा, गरज पडली तर आणखी ४५ दिवस तपास, मग राष्ट्राध्यक्षांकडे १५ दिवस. गेलाच नाहीत, तर समितीला तुमचा पत्ता स्वतः शोधावा लागतो. वायोमिंगमध्ये वॉरेन हवाई तळापासून मैलाच्या आत माइनवन नावाच्या, बहुतांश चिनी मालकीच्या कंपनीने २०२२ मध्ये जागा घेऊन क्रिप्टो मायनिंग सुरू केलं. समितीला कळलं ते लोकांकडून आलेल्या माहितीमुळे. जमीन विकण्याचा राष्ट्राध्यक्ष बायडन यांचा आदेश निघाला मे २०२४ मध्ये. मिनटमन क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या तळाच्या शेजारी, जवळपास दोन वर्षं.

शोधायचं म्हटलं तर साधन काय? आपल्या सातबारासारखा एकसारखा उतारा तिथे नाही. खरेदीखतं त्या त्या काउंटीच्या दप्तरात, आणि मालकाच्या जागी बहुतेक वेळा एखाद्या एलएलसीचं, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या खासगी कंपनीचं नाव. परदेशी मालकीची देशपातळीवरची नोंद एकाच कायद्याने होते, १९७८ च्या अफिडा कायद्याने. परदेशी माणसाने किंवा कंपनीने शेतजमीन घेतली, अथवा दहा वर्षं वा जास्त मुदतीने भाड्याने घेतली, की ९० दिवसांत एफएसए-१५३ हा फॉर्म भरायचा. अमेरिकी कंपनीत एखाद्या परदेशी गुंतवणूकदाराचा दहा टक्के वाटा असला तरी ती यात येते. सगळं स्वतःहून सांगायचं, आणि वर्षानुवर्षं कागदावर.

कागदावर काय होतं ते जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये दाखवलं: चीनशी संबंधित सगळ्यात मोठी जमीन नोंदीत दोनदा मोजली गेली होती. म्हणजे ज्या आकड्यावरून रान उठत होतं, तोच आकडा फुगलेला. शिवाय ही माहिती सिफियसच्या खात्यांपर्यंत वेळेत पोचतही नव्हती.

दंडाचंही तेच. उशीर झाला तर दर आठवड्याला जमिनीच्या बाजारभावाच्या ०.१ टक्का, कमाल २५ टक्के. हिशोब करून बघा: या गतीने कमाल गाठायला २५० आठवडे लागतात, जवळजवळ पाच वर्षं. तेवढ्यात जमीन दोनदा विकून होते.

लपलेला मालक किती काळ लपू शकतो याचं उदाहरण कॅलिफोर्नियात आहे. ट्रॅव्हिस हवाई तळाभोवती फ्लॅनरी असोसिएट्स नावाच्या डेलावेअरमधल्या कंपनीने पाच वर्षांत पन्नास हजारांहून जास्त एकर घेतले. मागे कोण, हे खासदारांनाही कळेना. २०२३ मध्ये उलगडा झाला: सिलिकॉन व्हॅलीतलेच धनिक, नवं शहर वसवायच्या बेतात. परकीय शत्रू नव्हता हे नशीब. पण तो असता, तरी पाच वर्षं कळलं नसतं.

म्हणून राज्याराज्यांतल्या 'अमुक देशाला बंदी' कायद्यांचं मला फारसं कौतुक नाही. अर्कान्सासने ऑक्टोबर २०२३ मध्ये सिंजेंटा या चिनी सरकारी मालकीच्या बियाणं-कीटकनाशक कंपनीच्या उपकंपनीला १६० एकर विकायला लावले आणि नोंदणीला उशीर केला म्हणून २ लाख ८० हजार डॉलर दंड केला. बातमी मोठी झाली. पण ही मालकी आधीपासून उघड होती. सरळमार्गी कंपनी सापडते, तीन एलएलसींच्या आड बसलेला सापडत नाही. कृषिमंत्र्यांना शेतीच्या व्यवहारांपुरतं सिफियसमध्ये बसवलं (२०२४), ऑनलाइन नोंदणी उभारायला कायद्याने सांगितलं (डिसेंबर २०२२), ही त्यामानाने कंटाळवाणी कामं जास्त मोलाची. त्यात दोन गोष्टी हव्यात: प्रत्येक तुकड्याची नकाशावरची अचूक हद्द, आणि शेवटच्या खऱ्या मालकाचं नाव. या दोन्ही असल्या की तळाच्या नकाशाशी ताडून बघायला मिनिटं लागतात.

जाता जाता अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी. एच-१बी वर असताना मित्रांनी मिळून एलएलसी काढून शेत घ्यायचं बरंच चाललंय. अफिडाच्या लेखी ग्रीनकार्ड नसलेला माणूस परदेशीच. जमीन दहा एकरांहून जास्त असेल, किंवा त्याहून कमी असूनही शेतमालाची वर्षाची विक्री हजार डॉलरच्या वर असेल, तर फॉर्म भरावा लागतो. सध्या पडीक आहे, हे कारण चालत नाही. गेल्या पाच वर्षांत तिथे शेती झाली असेल तर ती शेतजमीनच. मिनेसोटासारख्या राज्यात तर ग्रीनकार्डाशिवाय साधारणपणे शेतजमीन घेताच येत नाही, तेव्हा राज्याचा कायदा ऑफर देण्याआधी बघा. फॉर्म त्या काउंटीतल्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडे (कृषी खात्याचं कार्यालय) जातो आणि ९० दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात. खरेदीच्या वेळी मालकी हक्काचे कागद तपासणारी टायटल कंपनी याची आठवण करून देईलच असं नाही.