‘चहा पाजून काय होणार?’ या कमेंटला उत्तर

दादा, नावाच्या जागी ‘जुना खेळाडू’ एवढंच लिहिलंय तुम्ही, म्हणून दादाच म्हणते. मागच्या पोस्टमध्ये मी महिला क्रिकेट वर्ल्डकपच्या फायनलला पावसात पिचवर कव्हर ओढणाऱ्या पोरांबद्दल लिहिलं होतं, आणि आमच्या गावच्या स्पर्धेत राबणाऱ्यांना कोणी चहा-सरबत देतं, कोणी रिक्षाने घरी सोडतं त्याबद्दल. त्यावर तुमचं म्हणणं की ही सगळी मनाची समजूत, चहा पाजून काय होणार, मजुरी वाढवा, आणि ज्याला खरा कळवळा असतो तो फोटो टाकत नाही.

मजुरी वाढवा हे शंभर टक्के बरोबर. पण चहा आणि मजुरी यांची तुम्ही कुस्ती का लावताय तेच मला कळत नाय. चहा दिला म्हणून कोणाची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, कापली असं आमच्याकडे तरी कधी झालं नाही, उलट ज्या कमिटीला पाणी मारणाऱ्या माणसाचं नावसुद्धा माहीत नसतं तीच कमिटी ‘उद्या बघू, परवा या’ करत त्याचे पैसे लटकवते, हे तुम्ही इतकी वर्षं खेळलायत म्हणजे तुम्हीही बघितलं असेल.

२ नोव्हेंबर २०२५ ला त्या फायनलला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला मी भाचीला घेऊन गेले होते. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली आणि तोवर स्टँडमधले लोक वडापाव खात आभाळाला शिव्या घालतायत आणि खाली ती पोरं कव्हर टाकतायत, काढतायत, परत भुरभुर आली की परत टाकतायत. ते काम म्हणजे चादर झटकणं नव्हे हो, वर साठलेलं पाणी पिचवर न सांडता बाउंड्रीकडे न्यावं लागतं, एकाने कोपरा घाईत उचलला की झालं. आठवडाभर आधी, २६ ऑक्टोबरला, बांगलादेशची मॅच त्याच मैदानात पावसाने वाया गेली होती (आणि इकडे आमचं कापलेलं भात शेतात आडवं भिजत होतं, तो राग वेगळाच). फायनल आपण ५२ रननी जिंकलो. पण खेळ झाला कोणामुळे? आमच्या रांगेतल्या चार लोकांनी उठून त्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, एकाने वर बघून हात केला, बस एवढंच मी लिहिलं होतं.

तुम्ही म्हणता मोठे लोक कॅमेऱ्यासाठी देतात. असेल. २०२३ च्या आशिया कप फायनलला आपल्या मोहम्मद सिराजने २१ रनमध्ये ६ विकेट काढल्या, श्रीलंका ५० वर संपली आणि त्याने सामनावीराचे ५ हजार डॉलर कोलंबोच्या ग्राउंड स्टाफला देऊन टाकले. कॅमेरा समोर होताच. त्याच दिवशी आशियाई क्रिकेट परिषद आणि श्रीलंका क्रिकेट बोर्डाने मिळून कोलंबो-कँडीच्या स्टाफला ५० हजार डॉलर जाहीर केले. २०२४ ची आयपीएल संपल्यावर आपल्या बोर्डाने दहा नेहमीच्या मैदानांच्या स्टाफला २५-२५ लाख आणि तीन जादा मैदानांना १०-१० लाख जाहीर केले. कॅमेऱ्यासाठी तर कॅमेऱ्यासाठी, घेणाऱ्याच्या पोरांची फी त्यातून भरली जाणार असेल तर माझी ना नाय. फक्त हे बक्षीस झालं, पगार नव्हे, इथे मी तुमच्याच बाजूला आहे.

आता गावचं. आमचं मैदान म्हणजे मूळचं भातशेत, कापणी झाली की बांध फोडायचे, ढेकळं मोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा, मग कुठे टेनिस क्रिकेट. फक्की मारायला, म्हणजे चुन्याने रेषा आखायला, एक काका येतात. चुन्याने त्यांच्या बोटांना भेगा पडतात, संध्याकाळी दोरी गुंडाळताना त्यातून रक्त येतं. कमिटीने रबरी हातमोजे आणून दिले, काकांनी ते खिशात कोंबले, म्हणाले, “ह्येनी दोरी गावत नाय.” मग चहाच्या टपरीवरच्या वहिनीने स्टोव्हशेजारी खोबरेलाची बाटली ठेवायला सुरुवात केली, कोणाला काही न सांगता. काका येतात, तेल चोळतात, चहा घेतात, जातात. हजेरी दुप्पट केलीत ना दादा, तरी ती बाटली आपोआप तिथे येणार नाही, त्याला कोणीतरी त्या बोटांकडे बघावं लागतं.

आणि बायकांचं तर विचारूच नका. पहिलं बक्षीस लाखाचं, मालिकावीराला बाईक, यूट्यूब लाइव्ह, कॉमेंट्रीला मुंबईहून माणूस, आणि मध्यरात्री हॅलोजनखाली प्लॅस्टिकचे ग्लास गोळा करणाऱ्या वाडीतल्या बायकांना लघवीला जायला जागा नाही! मैदानाला लागून एक घर आहे, त्यांनी मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. तुमच्या हिशोबात हीसुद्धा मनाची समजूतच. पण त्या बायका त्या पडवीत बसून बोलायला लागल्या, त्या घरच्या सुनेला कळलं की मागच्या स्पर्धेचे पैसे अजून निम्मे बाकी आहेत, आणि तीच पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्या पुरुषांसमोर उभी राहून बोलली. आता पत्र्याचं शौचालय आहे आणि हजेरी फायनलच्या रात्रीच रोख मिळते. हे मोर्च्यातून झालं नाही आणि नुसत्या चहातूनही नाही, पण मागचं दार बंद असतं तर तिला कळलं कुठून असतं?

मागच्या पोस्टमधल्या फोटोचं म्हणाल तर त्यात चेहरा नाही, नुसते हात आहेत, काकांचेच, विचारून काढलाय. “टाक गो बाय, पन आदी हात धुव दे,” म्हणाले.

हजेरीचा आकडा मात्र अजून कमीच आहे, रोलर फिरवणाऱ्याला तर काजूच्या बागेत जास्त मिळतात. स्पर्धेची मीटिंग डिसेंबरात आहे. तुमच्याकडे माळ्याला, फक्कीवाल्याला, झाडणाऱ्या बायकांना किती देतात ते खाली कमेंटमध्ये लिहा, जास्त असेल तर मी तोच आकडा कमिटीपुढे ठेवते. जमलं तर स्वतःच या, माझ्यापेक्षा जुन्या खेळाडूचं ऐकतील.